बेंडिंग केलेल्या कीबोर्डला अडॅप्टर का लावू नये: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बेंडिंग (आतल्या तारा नव्याने जोडून वेगळे आवाज काढण्याचे काम) करून दिलेला कीबोर्ड घरी गेल्यावर आठवडाभरात बहुतेक ग्राहकांचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: मागच्या बाजूची अडॅप्टरची जागा तुम्ही का बुजवली? प्रत्येकाला फोनवर सविस्तर सांगणे होत नाही आणि अर्धवट सांगितल्याने गैरसमज वाढतात, म्हणून हे पत्रक कीबोर्डसोबत देत आहोत. आपला कीबोर्ड अजून आमच्याकडे आलेला नसेल, तर आणण्यापूर्वीच ते वाचावे. तसे केल्यास आपला कीबोर्ड वाचण्याचीही शक्यता आहे.

बेंडिंग म्हणजे काय हे आपणांस ठाऊक असेलच, तरी पुढचे समजण्यापुरते सांगतो. कॅसिओ एसके-१ सारख्या ३२ लहान पट्ट्यांच्या कीबोर्डमध्ये बासरीचा, पियानोचा आणि तालाचा आवाज मेमरीत आकड्यांच्या रूपाने साठवलेला असतो. मुख्य चिप काही तारांवरून मेमरीला पत्ता सांगते आणि इतर तारांवरून तिथला आकडा परत घेते. यांपैकी दोन तारा एकमेकींना जोडल्या, की चिप चुकीच्या पत्त्यावर जाते आणि बासरीच्या जागी ढोलाचा तुकडा, घोगरा गुंजारव किंवा कोणीच न रचलेली लय ऐकू येते. एसके-१ मध्ये सुमारे १.४ सेकंदांचा आपला स्वतःचा आवाजही नोंदवता येत असल्याने त्याचीही अशीच मोडतोड करता येते, आणि म्हणूनच चित्रकला-शिल्पकलेचे विद्यार्थी आणि नाटकाला ध्वनी देणारी मंडळी याच मॉडेलच्या शोधात असतात. या जोडण्या शोधून त्यांना बाहेरच्या बाजूने स्विच, नॉब आणि बोटाने स्पर्श करायचे पितळी बिंदू देणे, हे आमचे काम.

आता अडॅप्टरविषयी. आमच्याकडे निकामी होऊन येणाऱ्या कीबोर्डांपैकी बहुतेक तार चुकीच्या जागी लावल्याने निकामी झालेले नसतात. ते गेलेले असतात घरात सापडलेला, पिन बसते एवढ्याच कारणाने लावलेला अडॅप्टर जोडून ठेवल्याने. हल्ली असा अडॅप्टर बहुधा वायफाय राउटरचा असतो. त्याच्या पिनेचा मधला भाग पॉझिटिव्ह असतो, तर कॅसिओच्या बहुतेक जुन्या कीबोर्डांना मधला भाग निगेटिव्ह लागतो. शिवाय राउटरचा अडॅप्टर अनेकदा १२ व्होल्टचा असतो आणि एसके-१ चालतो पाच पेन्सिल सेलवर, म्हणजे ७.५ व्होल्टवर. उलटी दिशा आणि दीडपटीहून अधिक दाब (व्होल्टेज), अशी दोन्ही संकटे एकाच वेळी आत शिरतात.

मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने तिच्या मामांचा एसके-१ आणला होता. बाहेरून तो अगदी नवा वाटत होता आणि पट्ट्यांवर पिवळेपणाही नव्हता. झाकण उघडताच जळक्या बेकेलाइटचा वास आला, आणि मुख्य चिपच्या पाठीवर मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा दिसला. तिने अडॅप्टर फक्त कीबोर्ड "चालतो का" हे पाहण्यासाठी एकदाच लावला होता. ती चिप कॅसिओने याच कामासाठी घडवलेली असल्याने बाजारात स्वतंत्र मिळत नाही; दुसरा एसके-१ मारून हा जिवंत करावा लागतो, आणि ते आम्ही करत नाही. तो कीबोर्ड आम्ही पैसे न घेता परत दिला, परंतु तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, आणि हे पत्रक लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे.

यावर जाणकार ग्राहक म्हणतात, की योग्य दिशेचा आणि योग्य व्होल्टचा अडॅप्टर लावला तर हरकत काय? हरकत आहे, आणि ती बेंडिंगमुळेच निर्माण होते. जुन्या, वजनदार, ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेले असले, तरी त्याला काही जोडलेले नसताना मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचे यंत्र) बारा-तेरा व्होल्टही दाखवतो. लहान कीबोर्ड फारच थोडा करंट घेतो, त्यामुळे हा वाढीव दाब पूर्णपणे उतरत नाही. नव्या हलक्या अडॅप्टरचा दाब स्थिर असतो, पण त्यातून घरातील विजेचा अत्यल्प अंश आउटपुटपर्यंत झिरपतो. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवल्यास जी झिणझिण जाणवते, ती हीच. चांगल्या अडॅप्टरमध्ये ती निरुपद्रवी असते. पदपथावर मिळणाऱ्या स्वस्त अडॅप्टरमध्ये आतले अंतर आणि इन्शुलेशन कसे आहे, हे आपण ओळखू शकत नाही आणि आम्हीही बाहेरून ओळखू शकत नाही. मूळ कीबोर्ड प्लास्टिकच्या कवचात बंद असतो. आम्ही मात्र त्याच्या आतील सर्किट पितळी बिंदूंच्या रूपाने आपल्या बोटांखाली आणून ठेवलेले असते. वादकाचे शरीरच सर्किटचा भाग होते अशा यंत्राला भिंतीतल्या विजेशी जोडणे आम्हाला मान्य नाही, आणि त्याबाबत आम्ही सवलत देत नाही.

या कामाचा उगमही बॅटरीवरच झाला आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे रीड घझाला या किशोरवयीन मुलाच्या ड्रॉवरमध्ये १९६६ च्या सुमारास झाकण उघडे असलेला एक छोटा, बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर धातूच्या वस्तूला टेकला आणि चित्रविचित्र आवाज काढू लागला. सर्किट बेंडिंग हे नाव त्यांनीच पुढे १९९२ मध्ये रूढ केले. बॅटरीखेरीज कशावरही हा प्रयोग करू नये, हा या क्षेत्रातील सर्वमान्य नियम आहे.

सेलचा खर्च होतो, ही तक्रार आम्ही समजू शकतो. चार्जिंगचे सेल वापरता येतात, पण ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे असल्याने पाचांचे ६ व्होल्टच होतात, आणि बेंडिंग केलेला कीबोर्ड कमी दाबावर वरचेवर अडखळतो. साधी पॉवर बँक तर ५ व्होल्टच देते, शिवाय एवढा कमी करंट पाहून अनेक पॉवर बँका थोड्या वेळात आपोआप बंद होतात. यासाठी आम्ही सहा चार्जिंग सेलचा, ७.२ व्होल्टचा बाहेरील डबा तयार करून देतो. तो कीबोर्डच्या खाली बसतो आणि सेल बदलताना पाठीमागचे झाकण उघडावे लागत नाही. नवरात्रात गरब्याच्या मंचावर वाजवणाऱ्या वादकांना आम्ही एक डबा वाद्यावर आणि एक राखीव, असे दोन घेण्याचे सुचवतो.

मंचाचाच विषय निघाला म्हणून सांगतो, की मिक्सरला जोडताना कीबोर्ड सेलवर असला, तरी केबलमधून तो मंचावरील विजेच्या यंत्रणेशी जोडला जातोच, आणि मांडवातील अर्थिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. त्यामुळे आउटपुट जॅकच्या आधी आम्ही एक लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवतो. आवाज त्यातून जातो, थेट विद्युत जोडणी मात्र राहत नाही. या भागामुळे आमचे दर इतरांपेक्षा थोडे अधिक आहेत; तो काढून स्वस्तात काम करण्याची विनंती कृपया करू नये.

आपण स्वतः घरी तारेने चाचपणी करत असाल तर आम्हाला आनंदच आहे. फक्त तारेमध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर (करंट मर्यादित ठेवणारा भाग) घालावा. ५ व्होल्टच्या दोन बिंदूंमध्ये त्यातून सुमारे ११ मिलिअँपिअरपेक्षा अधिक करंट जाणार नाही. स्पीकरच्या अँप्लिफायर चिपपासून आणि सेलच्या तारा जिथे बोर्डाला मिळतात तिथून दूर राहावे. आवाज गोठला आणि एकही पट्टी प्रतिसाद देईना, तर घाबरू नये: स्विच बंद करून सेल मिनिटभर बाहेर काढून ठेवावेत. बहुतेक वेळा तेवढे पुरते. आवडलेल्या प्रत्येक जोडणीची कागदावर नोंद करावी, कारण नोंद नसलेल्या पाच-सहा सोल्डर केलेल्या तारा उलगडण्यात आमची अख्खी दुपार जाते आणि ती बिलात येते. आम्ही बसवलेल्या जोडण्यांचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवलेला असतो.

एखाद्या व्हिडिओतील आवाज हुबेहूब मागणाऱ्यांना आम्ही आधीच नम्रपणे सांगतो, की तो मिळेलच असे नाही. स्पर्शबिंदूंचे तर एकाच वाद्यावरही रोज वेगळे असते: पावसाळ्यातील दमट हवेत ओलसर बोट अधिक वाहक होते आणि स्वर एप्रिलमधल्यापेक्षा जास्त चढतो. यात बिघाड काही नाही, म्हणून त्यासाठी वाद्य परत आणण्याचे कारण नाही.

कीबोर्ड आणताना सेल काढून आणावेत. सेलच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसल्यास ती खरवडू नये, आम्ही स्वच्छ करून देतो. वडोदऱ्यातील विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी लागलेले वाद्य कितीही वाळवलेले असले तरी ते कृपया सुरू करून पाहू नये, तसेच आणावे. आणि घरात जो अडॅप्टर त्याला लावला गेला असेल, तो संकोच न बाळगता सोबत आणावा: त्याची दिशा आणि दाब आम्ही समोरच मोजून दाखवतो, त्याचे शुल्क नाही, आणि काय बिघडले असावे हे शोधण्याचे आमचे निम्मे काम तिथेच होते.