फिट चपलेच्या वासाने थांबत नाही
खानापूर-निपाणीकडच्या शाळांत प्रार्थनेच्या वेळी एखाद्या मुलाला फिट आली, की चप्पल किंवा कांदा हुंगवण्याची धावपळ अजूनही होते. बहुतेक झटके 1 ते 3 मिनिटांत आपोआप थांबतात. नेमकी त्याच वेळी चप्पल नाकाशी असल्याने श्रेय तिला मिळते, एवढेच. मेंदूतील विद्युत्-संदेशांचा गोंधळ वासाने आवरत नाही. दातांत चमचा घालणे तर याहून घातक, कारण तुटलेला दात श्वासनलिकेत अडकू शकतो. मुलाला दाबून न धरता डोक्याखाली घडी केलेला स्वेटर ठेवावा, बाकडी दूर सरकवावीत, झटका ओसरताच त्याला कुशीवर वळवावे आणि सतत घड्याळाकडे लक्ष ठेवावे. 5 मिनिटे उलटली, झटका पुन्हा आला किंवा ही पहिलीच वेळ असेल, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.