मॉनिटर कॅलिब्रेशन

संगणकाच्या पडद्यावरचा उजेड आणि रंग ठरावीक मानकाला आणून ठेवणे, आणि त्यानंतरही जो फरक उरतो तो मोजून त्याची नोंद संगणकाच्या हवाली करणे, या दुहेरी कामाला मॉनिटर कॅलिब्रेशन म्हणतात. डिजिटल छायाचित्रांचे संपादन, छपाईपूर्व तयारी आणि चित्रपटांचे कलर ग्रेडिंग (दृश्यांचे रंग ठरवणे व जुळवणे) या व्यवसायांत ते नित्याचे आहे.

छायाचित्राच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. लाल २००, हिरवा १२०, निळा ८० असा एखादा बिंदू प्रत्यक्षात कसा दिसेल, हे पडद्याचे पॅनेल, त्यामागचा बॅकलाइट आणि मॉनिटरची सेटिंग्ज ठरवतात. एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर शेजारी ठेवले तरी फरक जाणवतो. वापरून जुना झालेला मॉनिटर तर स्वतःशीही जुळत नाही. नव्या मॉनिटरचा कल बहुधा झगझगीत आणि निळसर असतो, कारण दुकानात तोच नजरेत भरतो. अशा पडद्यावर काम करणारा नकळत छायाचित्र गडद आणि पिवळट करून ठेवतो. त्याला स्वतःला ते ठीकच दिसते. चूक उघडी पडते ती दुसऱ्याच्या पडद्यावर किंवा कागदावर.

या कामाचे दोन भाग आहेत आणि बोलताना दोन्हींना एकच नाव दिले जात असल्याने गोंधळ होतो. पहिल्या भागात मॉनिटरची प्रखरता, पांढऱ्याचा रंग आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या हव्या त्या ठिकाणी आणल्या जातात. दुसऱ्या भागात, म्हणजे प्रोफाइलिंगमध्ये, या अवस्थेतला मॉनिटर कोणत्या आकड्याला कोणता रंग दाखवतो हे मोजून एका छोट्या फाइलमध्ये लिहिले जाते. ही आयसीसी प्रोफाइल. ती मॉनिटर दुरुस्त करते, असा सार्वत्रिक समज आहे. तसे नाही: प्रोफाइल हे केवळ वर्णन आहे. ते वाचून आकड्यांचे भाषांतर करणे हे संपादनाच्या सॉफ्टवेअरचे काम. जे सॉफ्टवेअर प्रोफाइलकडे पाहतच नाही, त्यात उत्तम कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवरही रंग चुकतात. विस्तृत रंगपल्ल्याच्या मॉनिटरवर तर माणसांचे चेहरे भाजल्यासारखे तांबडे दिसू लागतात.

या व्यवस्थेचा पाया १९३१ सालचा आहे. त्या वर्षी सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ‘प्रमाण निरीक्षक’, म्हणजे सरासरी मानवी डोळ्याचे आकड्यांतले वर्णन, ठरवला. डब्ल्यू. डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांतल्या अनुक्रमे १० आणि ७ जणांच्या नजरेवरून त्याचे आकडे काढले होते. आजही कॅलिब्रेशनचे जवळजवळ प्रत्येक उपकरण या १७ जणांच्या सरासरी डोळ्यानेच पाहते. १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी आयसीसी ही संघटना स्थापून प्रोफाइलचे सामायिक स्वरूप ठरवले. १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी ही रंगव्याप्ती, म्हणजे आकड्यांनी सांगता येणाऱ्या रंगांची ठरलेली मर्यादा, मांडली आणि १९९९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. अडोबी आरजीबी ही दुसरी रंगव्याप्ती १९९८ सालची. हिरव्या-निळसर छटांत ती एसआरजीबीपेक्षा बरीच मोठी आहे.

कॅलिब्रेशनपूर्वी लक्ष्ये ठरवावी लागतात. पांढऱ्यासाठी डी६५ हा प्रमाण दिवसप्रकाश, म्हणजे सुमारे ६५०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचे एकक), हे रूढ लक्ष्य आहे. छपाईक्षेत्रात छापील नमुने पाहण्यासाठी डी५० चा, म्हणजे त्याहून पिवळसर, प्रकाश प्रमाण मानतात. गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या कशा चढतात ते सांगणारा आकडा, २.२ घेतला जातो. ॲपलच्या संगणकांवर तो पूर्वी १.८ असे, २००९ च्या आवृत्तीपासून तिथेही २.२ झाला. यांवर चर्चा फार होते. खरा घोळ मात्र प्रखरतेत असतो. बेताच्या उजेडाच्या खोलीत ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर (हे प्रखरतेचे एकक) पुरे होते, आणि नवे मॉनिटर कमाल प्रखरतेला अनेकदा २५० च्या वर असतात. ‘प्रिंट काळपट आली’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ प्रिंटरमध्ये क्वचितच सापडते. कागद स्वतः उजळत नाही, पडलेला प्रकाश परत पाठवतो. त्याच्याशी स्पर्धा करणारा पडदा अतिप्रखर असेल तर संपादक छायाचित्र अंधारेच करणार. ज्याच्याकडे कोणतेही उपकरण नाही त्याने निदान प्रखरता उतरवावी. एवढ्याने अर्धे काम होते.

नुसत्या डोळ्यांनी कॅलिब्रेशन करण्याची सॉफ्टवेअरे एकेकाळी प्रचारात होती, पण डोळा या कामाला नालायक आहे. पिवळट किंवा निळसर पांढऱ्याला तो थोड्या वेळात सरावतो आणि त्यालाच शुद्ध पांढरा मानू लागतो. म्हणून पडद्यावर टेकवायचे उपकरण लागते. कलरिमीटर काही रंगीत फिल्टरांमधून प्रकाश मोजतो. तो जलद असतो आणि गडद छटांत चांगले काम देतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रकाशाचा वर्णपट पसरवून मोजतो, त्यामुळे बॅकलाइट कोणताही असला तरी फसत नाही. मात्र तो महाग असतो आणि काळ्याजवळ अडखळतो. कलरिमीटरच्या फिल्टरांना डोळ्याची नक्कल पूर्णपणे साधत नसल्याने सॉफ्टवेअरला मॉनिटरचा बॅकलाइट कोणत्या प्रकारचा आहे हे सांगावे लागते. घाईत हा पर्याय चुकीचा निवडला, तर सगळे आकडे अचूक दिसतात आणि पडदा मात्र गुलाबी किंवा हिरवट राहतो.

मॉनिटर निदान अर्धा तास चालू ठेवून मगच मोजणी सुरू करतात. आपोआप बदलणारी प्रखरता, रात्रीचा पिवळा प्रकाश, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (दृश्यानुसार उजेड-अंधारातला फरक आपोआप बदलणे) हे सारे आधी बंद करायचे. त्यानंतर मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी प्रखरता आणि लाल-हिरव्या-निळ्याचे प्रमाण शक्य तितके लक्ष्याजवळ आणायचे. पुढे सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे ठोकळे दाखवते, उपकरण ते मोजते. ठोकळे काही डझन असोत वा हजारावर, हे मुख्यतः वाट पाहण्याचे काम आहे.

बटणांवरचा भर उगीच नाही. उरलेली दुरुस्ती ग्राफिक्स कार्डातल्या तक्त्यात, म्हणजे कोणत्या आकड्याऐवजी कोणता पाठवायचा याच्या यादीत, भरली जाते. पडद्याकडे जाणारा संकेत ८ बिटचा असेल तर प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या मिळतात. दुरुस्ती मोठी झाली की त्यांतल्या काही गळतात. मग निरभ्र आकाशाच्या छायाचित्रात पट्टे उमटतात, जे फाइलमध्ये नसतातच. हार्डवेअर कॅलिब्रेशनच्या मॉनिटरांमध्ये हा तक्ता मॉनिटरच्या आतच १४ किंवा १६ बिटचा असतो. आयझो या कंपनीची कलरएज मालिका यासाठी ओळखली जाते. लॅपटॉपवर बहुधा प्रखरतेखेरीज काहीच हाताने बदलता येत नाही, त्यामुळे सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो.

शेवटी पडताळणी होते. अपेक्षित आणि प्रत्यक्ष रंगांतले अंतर डेल्टा ई या एककात सांगतात. १ च्या खालचे अंतर सहसा डोळ्यांना कळत नाही आणि सरासरी २ पर्यंत असेल तर छायाचित्रणासाठी तक्रार करण्याचे कारण नाही. पॅनेलला जो रंग दाखवताच येत नाही, तो कॅलिब्रेशनने येत नाही. पडद्याचा एक कोपरा अंधारा असेल तर तो तसाच राहतो.

खोलीचाही विचार करावा लागतो. खिडकीचे प्रतिबिंब पडद्यावर पडू नये, भोवतालच्या भिंती आणि डेस्कटॉपची पार्श्वभूमी करडी असावी. भडक वॉलपेपरसमोर बसून त्वचेचा रंग ठरवणे व्यर्थ आहे.

महिन्यातून एकदा कॅलिब्रेशन करण्याचा प्रघात फ्लुरोसंट बॅकलाइटच्या काळातला आहे. एलईडी पडदे त्या मानाने स्थिर असल्याने काही महिन्यांचे अंतर चालते. कलरिमीटरचे फिल्टरही, विशेषतः जुन्या उपकरणांतले, काळाबरोबर उतरतात.

ओलेड पडद्यांनी, ज्यांत बॅकलाइट नसतो आणि प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे. ओलेड आणि एलसीडी (बॅकलाइटवर चालणारा नेहमीचा पडदा) शेजारी ठेवून दोन्ही एकाच डी६५ ला आणले आणि उपकरणाने दोन्हींना सारखेच आकडे दिले, तरी पांढरे वेगळे दिसू शकते. दोन्हींचे वर्णपट वेगळे असतात, आणि १९३१ चा प्रमाण निरीक्षक निळ्या टोकाला संवेदना कमी धरतो. अशा वेळी व्यावसायिक संपादक एक पडदा प्रमाण मानतात, दुसऱ्याचे पांढरे नजरेने त्याच्याशी जुळवतात आणि जुळलेल्या स्थितीचे आकडे, वेगळे असले तरी, दुसऱ्या पडद्याचे लक्ष्य म्हणून नोंदवून ठेवतात.