एजीकडे तक्रार केली म्हणजे केस लागली, असं नाही

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर वर्षानुवर्षं एकच सल्ला फिरतोय, की कुणी फसवलं तर राज्याच्या अटर्नी जनरलकडे (म्हणजे एजीकडे) ऑनलाइन फॉर्म भरा, मग सरकारी वकील तुमची केस फुकट लढतो. असं नाहीये हो! एजी हा राज्याचा वकील, तुमचा नाही. तुमची तक्रार बहुतेक वेळा कंपनीला पाठवतात, उत्तर मागतात, कधीकधी तेवढ्यावरच पैसे परत मिळतातही, पण कंपनीने नाही म्हटलं तर तुमच्या एकट्यासाठी कोर्टात जायला ते बांधील नसतात.

मग फॉर्म कशाला भरायचा? कारण एकाच कंपनीविरुद्ध तक्रारींचा ढीग दिसला की एजी कागदपत्रं मागवतो, खटला भरतो, दंड लावतो. 2022 मध्ये लोकेशन ट्रॅकिंगवरून 40 राज्यांनी मिळून गुगलकडून 39.15 कोटी डॉलर घेतले, पण ते राज्यांना मिळाले.

माझ्या मावसभावाने न्यू जर्सीत मूव्हर्सविरुद्ध तक्रार टाकली आणि नुसता वाट बघत बसला, आणि तिकडे दावा करायची मुदत चालूच होती, फॉर्म भरल्याने ती थांबत नाही. तिथल्या कन्झ्युमर फ्रॉड कायद्यात स्वतः दावा जिंकलात तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळते, त्यामुळे तक्रार कराच, पण वकिलालाही लगेच विचारा.