कपाळाने लावलेला दिवा

टेबलावर, वरून दाबला की उजळणारा एक बसका दिवा ठेवलेला आहे आणि समोर १४ महिन्यांचे मूल बसलेले आहे. पलीकडे बसलेली संशोधक थंडी वाजत असल्याचे भासवून अंगाभोवती पांघरूण लपेटून घेते, पुढे वाकते आणि हाताऐवजी कपाळाने दिवा दाबते, दिवा लागतो. काही मुलांना हे पाहताना तिचे दोन्ही हात पांघरूण सावरण्यात गुंतलेले दिसतात, तर काहींना तेच हात टेबलावर मोकळे ठेवलेले दिसतात. आठवड्याने मुलांना पुन्हा त्याच दिव्यासमोर बसवले, तेव्हा हात मोकळे असलेले पाहिलेल्यांपैकी ६९ टक्के मुलांनी स्वतः वाकून कपाळ दिव्याला टेकवले. हात गुंतलेले पाहिलेल्यांपैकी मात्र २१ टक्क्यांनीच तसे केले आणि बाकीच्यांनी सरळ हात वापरून दिवा लावला.

हा प्रयोग २००२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन लेखकांपैकी द्यॉर्द्य गेर्गेय आणि इल्दिको किराय हे दोघे हंगेरीतील बुडापेस्टचे, तर हॅरॉल्ड बेकेरिंग हे तेव्हा म्युनिकमध्ये काम करणारे. त्यांचा अर्थ असा होता की मूल आंधळी नक्कल करत नाही, ते हिशेब मांडते. हात रिकामे असूनही ही मोठी बाई कपाळ वापरते आहे, म्हणजे त्यात काहीतरी खुबी असली पाहिजे. हात अडकलेले असतील तर तिचा नाइलाज होता, मला तसे करण्याचे कारण नाही. पुढे या अर्थावर वाद झाला. हात टेबलावर टेकवल्याशिवाय लहान मुलाला पुढे वाकताच येत नाही, म्हणून जे दृश्य त्याच्या स्वतःच्या शरीराला जमण्याजोगे होते तेवढेच त्याने उचलले, असा प्रतिवाद २०११ साली करण्यात आला आणि तो करणाऱ्यांत पहिल्या प्रयोगाचे सहलेखक बेकेरिंगच होते. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहण्याचे असे उदाहरण विज्ञानातही रोज पाहायला मिळत नाही.

बुडापेस्टच्या संशोधकांनी धागा सोडला नाही. गेर्गेय आणि त्यांचे सहकारी गेर्गेय चिब्रा (एकाचे आडनाव ते दुसऱ्याचे नाव, त्यामुळे वाचकाचा गोंधळ ठरलेला) यांनी ‘नैसर्गिक अध्यापन’ नावाची कल्पना मांडली. माणसाचे पिल्लू शिकवले जाण्यासाठी तयार होऊनच जन्माला येते, असे तिचे सार सांगता येईल. डोळ्यांत डोळे घालून पाहणे, नावाने हाक मारणे, बाळांशी बोलताना आपोआप येणारा तो लाडिक चढउताराचा सूर, या खुणांचा अर्थ मुलाला ‘आता जे येते आहे ते तुझ्यासाठी आहे’ असा कळतो. आणि अशा खुणांसह जे दाखवले जाते ते मूल त्या क्षणापुरते घेत नाही. जगाचा हा नियमच आहे, असे समजून साठवते.

याचा उलटा परिणामही त्यांच्याच वर्तुळात मोजला गेला. सुमारे १० महिन्यांच्या मुलासमोर खेळणे वारंवार पहिल्या डब्यात लपवायचे, मुलाला ते शोधू द्यायचे आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत ते दुसऱ्या डब्यात ठेवायचे. मूल तरीही पहिल्याच डब्याकडे हात नेते. ही चूक मुलाच्या कच्च्या स्मरणशक्तीची किंवा आवरता न येणाऱ्या सवयीची आहे, असे अनेक वर्षे मानले जात होते. योजेफ तोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘सायन्स’मध्ये दाखवले की लपवणारी व्यक्ती मुलाकडे पाहत, त्याच्याशी बोलत लपवत असेल तर चूक पुष्कळ होते, तीच व्यक्ती मुलाकडे न बघता लपवत असेल तर ती बरीच कमी होते. म्हणजे मूल विसरत नाही, त्याने ‘ही वस्तू इथे असते’ असा धडा घेतलेला असतो आणि तो धडा डोळ्यांसमोरच्या पुराव्यावर मात करतो. पुढच्याच वर्षी हाच खेळ कुत्र्यांबरोबर आणि माणसाने वाढवलेल्या लांडग्यांबरोबर खेळला गेला. लांडगे फसले नाहीत. कुत्रे मात्र मुलांसारखेच फसले, पण लपवणारा माणूस मध्येच बदलला की त्यांची चूक कमी झाली. मुलांची झाली नाही. कुत्रा त्या माणसाचे ऐकत होता. मुलाने ज्ञान म्हणून ऐकले होते आणि ज्ञान सांगणारा बदलल्याने बदलत नाही.

मानसशास्त्रावरच्या जाहीर व्याख्यानांविषयी लिहिताना सुरुवात दिव्याने आणि डब्यांनी केली, कारण सभागृहातही हीच खूण काम करत असते. वक्ता समोर पाहून ‘तुम्ही’ म्हणतो आणि ऐकणारा आपोआप शिकण्याच्या पवित्र्यात जातो. हा प्रौढांबाबतचा माझा तर्क आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. पण ज्या शहरात ही कल्पना घडली तिथे मानसशास्त्र ऐकायला लोक तिकीट काढून जातात, हे पाहिल्यावर तो तर्क करण्याचा मोह आवरत नाही. हंगेरियन भाषेत या विषयाला ‘लेलेकतान’ असा घरचा शब्द आहे; ‘लेलेक’ म्हणजे आत्मा, त्याचे नाते श्वासाच्या शब्दाशी, आणि ‘तान’ म्हणजे शास्त्र. १८७५ पासून चालत आलेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेच्या वाचकाला भर सभेत मनाविषयी ऐकणाऱ्या गर्दीचे चित्र परके वाटणार नाही. फरक एवढाच की हंगेरीत मनोविश्लेषण विद्यापीठात पाय रोवण्याआधी सभांमध्ये रुजले.

त्या रुजण्यामागे शांदोर फेरेन्त्सी यांचा मोठा वाटा आहे. मिश्कोल्त्स गावात पुस्तकांच्या दुकानाच्या घरात १८७३ साली जन्मलेला हा डॉक्टर फ्रॉइडचा निकटचा सहकारी होता. बुडापेस्टच्या मुक्तविचारी विद्यार्थ्यांनी १९०८ साली स्थापन केलेल्या गॅलिलेई मंडळात त्याची व्याख्याने होत. सप्टेंबर १९१८ मध्ये, महायुद्ध संपायला दीडेक महिना उरला असताना, आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण परिषद बुडापेस्टमध्ये विज्ञान अकादमीच्या इमारतीत भरली. पाहुण्यांची सोय नव्याकोऱ्या गेलेर्ट हॉटेलात होती आणि श्रोत्यांत लष्करी अधिकारीही होते, कारण आघाडीवरून थरथरत परतणाऱ्या सैनिकांचे काय करायचे, हा सरकारांपुढचा ताजा प्रश्न होता. त्यानंतर विद्यार्थ्यांनी फेरेन्त्सीला विद्यापीठात आणावे अशी मागणी केली. १९१९ च्या वसंतात, अल्पजीवी क्रांतिकारी सरकारच्या काळात, तो मनोविश्लेषणाचा जगातला पहिला विद्यापीठीय प्राध्यापक झाला. उन्हाळ्यात सरकार पडले आणि प्राध्यापकपदही गेले.

पुढचे तडाखे अधिक मोठे होते. १९४९ नंतरच्या साम्यवादी राजवटीला मानसशास्त्र ‘बूर्झ्वा’, म्हणजे भांडवलदारी वर्गाचे, वाटले, मनोविश्लेषकांची संघटना विसर्जित झाली आणि संशोधन बाजूला सारले गेले. मानसशास्त्रज्ञ फेरेन्त्स मेरेई यांचे राष्ट्रीय शिक्षणशास्त्र संस्थेचे संचालकपद १९५० साली गेले. १९५६ च्या उठावानंतर त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९६३ च्या सार्वत्रिक माफीत ते सुटले. तुरुंगात त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तरी स्वतःची स्वप्ने आणि स्मृती यांची टिपणे त्यांनी चालूच ठेवली.

राजवट सैलावत गेली तसे मानसशास्त्र पुन्हा लोकांसमोर आले. सत्तरच्या दशकापासून हंगेरियन दूरचित्रवाणीवर घरगुती भांडणाचा एखादा प्रसंग नाट्यरूपात दाखवून मग मानसशास्त्रज्ञांनी त्यावर बोलायचे, अशा धाटणीचा कार्यक्रम लोकप्रिय झाला. येन्यो रान्श्बुर्ग (१९३५–२०११), पेटर पॉपर (१९३३–२०१०), तमाश वेकेर्दी (१९३५–२०१९) ही नावे तिथल्या आईवडिलांना घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी परिचयाची झाली. आज बुडापेस्टचे मानसशास्त्राचे विद्यार्थी दर वसंतात ‘प्सिनाप्सिस’ नावाचे मानसशास्त्राचे दिवस भरवतात. व्याख्याने आणि कार्यशाळा असतात आणि ते सर्वांना खुले असते.

अशा सभेतून बाहेर पडणारा माणूस हमखास म्हणतो, ‘अगदी माझ्याबद्दलच बोलत होते.’ या वाक्याची किंमत १९४८ साली लॉस एंजेलिसमधील बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने तपासली. त्याने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्वचाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला ‘तुमचा खास अहवाल’ म्हणून एक कागद दिला. तुम्हाला इतरांची मान्यता हवी असते, पण तुम्ही स्वतःवर टीकाही करता. बाहेरून शिस्तीचे दिसता, आतून कधी कधी धास्तावलेले असता, अशा धर्तीचा मजकूर. अहवाल किती अचूक आहे, यासाठी ० ते ५ पैकी गुण द्यायचे होते आणि सरासरी ४.२६ आली. मग फोररने सांगितले की सर्वांना एकच कागद दिलेला आहे आणि त्यातली वाक्ये रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली आहेत. एखादे विधान सभागृहातल्या सगळ्यांनाच लागू पडत असेल, तर ते माझ्याविषयी काही सांगते असे म्हणता येत नाही. उलट ‘हात मोकळे असतील तर ६९ टक्के, गुंतलेले असतील तर २१’ हे विधान रुक्ष वाटते, पण ते चूक ठरू शकते, आणि आपण पाहिले तसे त्याच्या अर्थावर भांडताही येते. चांगला वक्ता दोन्ही प्रकारची वाक्ये बोलतो. टाळ्या बहुधा पहिल्या प्रकाराला मिळतात.

दुसरा प्रश्न ऐकलेले घरी टिकते का, हा आहे आणि त्याचे मला पटणारे उत्तर मेरेईंच्या जुन्या प्रयोगात आहे. बालवाडीच्या आणि त्यापुढच्या वयाची काही मुले एका खोलीत रोज थोडा वेळ, काही दिवस एकत्र खेळवायची. लवकरच कोणी कुठे बसायचे, कोणते खेळणे कोणाचे, कोणता खेळ आधी, असे त्यांचे रिवाज ठरत. मग त्यात वयाने मोठा, इतरत्र सहज पुढारी ठरणारा एक मुलगा सोडायचा. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निष्कर्ष असा की एकेकटे पाहता तो प्रत्येकापेक्षा वरचढ असे, पण गटाचे रिवाज बहुतेक वेळा त्याला मोडता आले नाहीत. पुढारीपण टिकवायला त्याने ज्या युक्त्या केल्या त्या पाहताना हसू येते. एक जण मुले जे करणारच होती तेच करण्याचा हुकूम सोडत असे. दुसरा सगळी खेळणी ‘माझी’ म्हणून जाहीर करी आणि मुले ती पूर्वीप्रमाणेच वापरत राहत. तिसरा आधी गटाचे रिवाज मुकाट्याने शिकून घेई आणि मग त्यांत बारीकसारीक बदल करी. थोडेफार यश मिळे ते यालाच. तासाभरात मुले वाढवण्याची पद्धत बदलू पाहणाऱ्या वक्त्याची गत पहिल्या दोघांसारखी होण्याची शक्यता मोठी असते, कारण श्रोता ज्या घरात परततो तिथे बसायच्या जागा आधीच ठरलेल्या असतात.

आणि तरीही एखाद्या व्याख्यानाने कोणाचे आयुष्य वळते. मिहाय चीक्सेंटमिहाई याचा जन्म १९३४ साली तेव्हाच्या फ्युमे (आताच्या क्रोएशियातील रिएका) शहरात एका हंगेरियन कुटुंबात झाला. युद्धात त्याने मोठ्या माणसांना आपापल्या जागांवरून कोसळताना पाहिले. पुढे तरुणपणी तो स्वित्झर्लंडमध्ये बर्फावर खेळायला गेला, तर बर्फ वितळलेले आणि खिशात सिनेमाचेही पैसे नाहीत. झुरिकमध्ये उडत्या तबकड्यांवर फुकट व्याख्यान आहे असे कळले म्हणून तो गेला. वक्त्याने तबकड्यांऐवजी युद्धाने हादरलेले युरोपीय मन आकाशात काय शोधते आहे, हे सांगितले. तो वक्ता स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग होता. मुलाने त्याची पुस्तके वाचायला घेतली, पुढे अमेरिकेत जाऊन मानसशास्त्र शिकला आणि माणूस कामात भान हरपून रमतो त्या अवस्थेचा अभ्यास त्याने आयुष्यभर केला. तिला त्याने ‘फ्लो’ हे नाव दिले.

लक्षात घेण्याजोगी आहे ती त्याची पद्धत. तुम्ही कधी सुखी असता, असे सभेत विचारले तर लोक शोभणारे उत्तर देतात. म्हणून सत्तरच्या दशकात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिकागोत लोकांच्या कमरेला पेजर लावले. आठवडाभर, दिवसातून साधारण आठ वेळा, केव्हाही तो वाजे आणि त्या क्षणी आपण काय करत आहोत, कसे वाटते आहे, हे माणसाने वहीत लिहायचे. नोकरदारांच्या वह्या तपासल्या तेव्हा रमण्याचे क्षण फुरसतीपेक्षा कामावर असताना जास्त आढळले, आणि आपण दुसरे काही करत असतो तर बरे झाले असते, ही नोंदही त्यांनी जास्त वेळा कामावर असतानाच केलेली होती.