‘आपला’, ‘त्याचा’ आणि ‘हिज’: जोडवाक्यांतल्या इंग्रजी सर्वनामांची पार्श्वभूमी

दामूने गणेशला घरी बोलावून आपली स्कूटर दाखवली. स्कूटर कोणाची, हे कोणी विचारणार नाही, ती दामूची. ‘त्याची स्कूटर दाखवली’ म्हटले की ती गणेशची, नाहीतर तिसऱ्याच कोणाची. इंग्रजीत याचे ‘दामू कॉल्ड गणेश होम अँड शोड हिम हिज स्कूटर’ होते आणि ‘हिज’ दोघांनाही लागू पडतो. त्याच वाक्यातला ‘हिम’ मात्र दामू नव्हे, हे नक्की. दामूच असता तर तिथे ‘हिमसेल्फ’ आला असता. म्हणजे कर्माच्या जागी इंग्रजीने वेगळे रूप घडवले, मालकीच्या जागी घडवले नाही. ‘हिज ओन’ आहे, पण त्यात ‘दुसऱ्याची नव्हे, स्वतःचीच’ असा जोर येतो. आपल्या ‘आपला’सारखा साधा, बिनआवाजी शब्द इंग्रजीत आज नाही.

पूर्वी तो होता. जुन्या इंग्रजीत ‘सीन’ हे रूप कर्त्याच्या स्वतःच्या वस्तूसाठी वापरत. ते काव्यात अधिक दिसते, गद्यात क्वचित. तिथे ‘हिज’ने त्याची जागा आधीच घ्यायला सुरुवात केली होती आणि मधल्या इंग्रजीपर्यंत ते नाहीसे झाले. स्वीडिश आणि डॅनिश भाषांनी आपले ‘सिन’ आजही जपले आहे. त्याच मुळातून लॅटिनचा ‘सुउस’ आला, संस्कृतचा ‘स्व’ आला आणि त्यातून आपला ‘स्वतःचा’. ‘आपला’चे मूळ निराळे, ‘आत्मन्’पासूनचे, पण काम तेच. कोकणीतला ‘आपलो’ही तेच काम करतो.

गोव्यातल्या वाचकाला यातली पुढची कडी जवळची आहे. लॅटिन ‘सुउस’पासून पोर्तुगीजचा ‘सेऊ’ आणि ‘सुआ’ झाला, पण वाटेत त्याचा मूळ अर्थ सुटला. पोर्तुगीज ‘सुआ’ म्हणजे त्याची, तिची, त्यांची आणि आदराने बोलताना तुमचीही. रूप बदलते ते वस्तूच्या लिंगाप्रमाणे, मालकाच्या नव्हे. ‘सुआ मुल्येर’ म्हणजे त्याची बायको. ‘सुआ’ स्त्रीलिंगी आहे ती बायको स्त्रीलिंगी म्हणून. इंग्रजी बरोबर उलटे चालते: ‘हिज’ की ‘हर’ हे मालक ठरवतो, वस्तू काहीच ठरवत नाही. मराठीत दोन्ही असतात. ‘त्याची बहीण’मध्ये ‘त्या’ मालकाचा आणि ‘ची’ बहिणीची. म्हणून मराठी मुलाला ‘हिज सिस्टर’ सहसा अवघड जात नाही. पोर्तुगीजमधून इंग्रजीकडे वळणाऱ्याला जाते.

ही गोष्ट केवळ व्याकरणाची राहत नाही, कारण गोव्यातले जमिनीचे जुने दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये आहेत आणि आजची विक्रीपत्रे बहुतेक इंग्रजीत होतात. 1867 चा पोर्तुगीज दिवाणी कायदा इथे 1870 पासून लागू झाला. त्यानुसार लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, प्रत्येकाचा निम्मा अविभक्त हिस्सा. स्थावर विकायची तर दोघांची संमती लागते. म्हणून दस्तऐवजात ‘अमुक आणि सुआ मुल्येर तमुक यांनी सुआ पार्त (हिस्सा) विकली’ अशा घाटाचे वाक्य येते. एकाच वाक्यात दोनदा ‘सुआ’: पहिला ‘हिज’, दुसरा ‘देअर’. घाईत भाषांतर करणारा दोन्हीकडे ‘हिज’ लिहितो आणि इंग्रजी प्रतीत फक्त नवऱ्याचा निम्मा हिस्सा विकला गेल्यासारखे दिसते. दुसरा कोणी स्त्रीलिंग पाहून दोन्हीकडे ‘हर’ लिहितो. पुढे टायटल, म्हणजे मालकीहक्क, तपासताना हेच वाक्य अडते.

उपाय दस्तऐवजातच असतो. आधी क्रियापद पाहावे: ‘वेंदेउ’ असेल तर विकणारा एक, ‘वेंदेरांव’ असेल तर अनेक. अनेकवचन असेल तर हिस्सा दोघांचा असण्याचीच शक्यता जास्त; मग तो मागच्या दाखल्यांशी ताडून पाहावा. इंग्रजी मसुदा करताना प्रत्येक ‘हिज’, ‘हर’, ‘देअर’खाली रेघ ओढावी आणि त्या जागी नाव घालून वाक्य वाचावे. दोन नावे बसत असतील तर सर्वनाम काढून ‘व्हेंडर’, ‘पर्चेसर’ असे पद किंवा सरळ नाव लिहावे. ‘देअर शेअर’नेही भागत नाही, कारण तो दोघांचा मिळून एक हिस्सा की प्रत्येकाचा वेगळा, हे त्यातून कळत नाही. हिस्सा अपूर्णांकात लिहिलेला बरा. पुनरुक्तीने भाषा जड होते ही तक्रार इथे गैरलागू आहे.

‘आपला’ही निर्दोष नाही, हे मान्य केले पाहिजे. तो आदरार्थी ‘तुमचा’ही होतो आणि ऐकणाऱ्याला धरून ‘आपल्या सगळ्यांचा’ही. ‘की’ने जोडलेल्या वाक्यात हे तीन अर्थ एकमेकांवर चढतात: ‘अध्यक्षांनी सचिवांना कळवले की आपला राजीनामा मंजूर झाला आहे.’ राजीनामा सचिवांचा की अध्यक्षांचा? पण ‘आमचा’ आणि ‘आपला’ हा भेद इंग्रजी ‘अवर’मध्ये मुळीच नाही आणि ‘वी विल टेक अवर कार’ ऐकून पाहुण्याने गाडीत बसायचे की नाही, हे त्याला कळत नाही.

शाळेत यातले काय पोचते? 1990 मध्ये गोव्यात प्राथमिक शाळांचे अनुदान कोकणी-मराठी माध्यमापुरते ठेवले गेले आणि 2011 मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडले. तो वाद सर्वांना ठाऊक आहे. मराठीतून चौथी करून पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलाच्या चुका ठरावीक असतात आणि त्यांना निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. मराठी कर्ता कुठेही गाळते. इंग्रजी तो ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’नंतरच गाळू देते, तोही कर्ता एकच असेल तर. ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘इफ’नंतर सर्वनाम हवेच, म्हणून ‘ही वॉज लेट बिकॉज मिस्ड द बस’ चुकते. दुसरी चूक आदराची. ‘बाबा आणि त्यांचे मित्र’ लिहिणारे मूल ‘माय फादर अँड देअर फ्रेंड्स’ लिहिते. इंग्रजीत आदराचे अनेकवचन ‘यू’मध्ये जिरले आणि एकवचनी ‘दाऊ’ लोपला. तिसऱ्या पुरुषात ते कधी आलेच नाही.

एकवचनी ‘दे’ आला तो वेगळ्या गरजेतून. ‘एव्हरीवन’, ‘एनीवन’नंतर व्यक्ती स्त्री की पुरुष हे माहीत नसते. चौदाव्या शतकापासून तिथे ‘दे’ आणि ‘देअर’ लिहिलेले सापडतात. अठराव्या शतकाच्या मध्यावर व्याकरणकारांनी तिथे ‘ही’ हवा असे ठरवले. हा नियम लिहिणाऱ्या सुरुवातीच्यांत एक शिक्षिकाही होती. 1850 मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्यांपुरते ‘पुल्लिंगात स्त्रीलिंग धरावे’ असे केले, 1897 च्या ‘जनरल क्लॉजेस अॅक्ट’ या भारतीय कायद्याच्या 13 व्या कलमात तेच आले आणि केंद्रीय कायद्यांबरोबर ते मुक्तीनंतर गोव्यातही आले. हे कलम कायद्यांना लागते, खाजगी विक्रीपत्राला आपोआप लागत नाही. तिथे तसे वेगळे लिहावे लागते. 2017 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकाने एकवचनी ‘दे’ला मर्यादित परवानगी दिली आणि 2019 मध्ये एका प्रतिष्ठित शोधनिबंध-नियमावलीने तो उघडपणे स्वीकारला. ‘एव्हरी स्टुडंट शुड ब्रिंग देअर आयडी’ याला आज लाल रेघ ओढणे चूक आहे.

बाकीचे थोडक्यात. ‘इट्स’ हे मालकीचे रूप सोळाव्या शतकाच्या अखेरचे. 1611 च्या इंग्रजी बायबलच्या पहिल्या छपाईत ते नाही, तिथे बहुतेक ‘हिज’ चालतो. ‘अनिल अँड सुनील्स शॉप’ म्हणजे दोघांचे मिळून एक दुकान, ‘अनिल्स अँड सुनील्स शॉप्स’ म्हणजे दोन; मराठीत ‘चे’ अगदी असेच चालते. ‘गेव्ह इट टू माय वाइफ अँड आय’ असे लिहिले असेल तर बायकोला वगळून वाचावे: ‘टू आय’ कोणी म्हणत नाही, ‘टू मी’ म्हणतात; म्हणून इथेही इंग्रजी ‘मी’ हवा.

इंग्रजीत हजार वर्षांपूर्वी जे घडले, ते मराठीत आता घडते आहे. इंग्रजीतून उतरवलेल्या बातम्यांत ‘मंत्र्यांनी त्यांच्या भाषणात सांगितले’ असे सर्रास येते. तिथे ‘आपल्या भाषणात’ हवे. ‘अध्यक्षांनी सचिवांना बोलावून त्यांचा राजीनामा त्यांच्या हाती दिला’ असे छापून आले तर कोण पायउतार झाले हे कळायला दुसरे वर्तमानपत्र उघडावे लागते. ‘आपला राजीनामा त्यांच्या हाती दिला’ असते तर लागले नसते.