बहात्तर नंबरचं घर

‘हलीना की रब से फरियाद’ हे हिंदी वाक्य घोकलं की आवर्तसारणीचा पहिला गण (उभा स्तंभ) तोंडपाठ! क्लासमधली ही युक्ती मला कधीच आवडली नाही. सारणी ही घोकायची वस्तूच नव्हे. अणुक्रमांक घ्या, तेवढे इलेक्ट्रॉन क्रमानं बसवत जा, पत्ता आपोआप मिळतो. खुद्द शास्त्रज्ञांनी एका मूलद्रव्याचं घर असंच शोधलंय.

ते मूलद्रव्य म्हणजे ७२ क्रमांकाचं. फ्रान्सच्या जॉर्ज उर्बँ यांनी १९११मध्ये दुर्मिळ मृदांमध्ये (लॅन्थॅनम आणि त्याच्यासारख्या धातूंमध्ये) ‘सेल्टिअम’ सापडल्याचं जाहीर केलं होतं आणि पुढे तेच ७२ असल्याचा दावा झाला. कोपनहेगनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचं गणित मात्र वेगळंच सांगत होतं: ७२ दुर्मिळ मृदांमध्ये बसतच नाही.

आजच्या पद्धतीनं ते गणित करून बघू. इलेक्ट्रॉन कवचांत बसतात आणि कवचांत एस, पी, डी, एफ असे कप्पे (उपकवचं) असतात; ‘६एस’ म्हणजे सहाव्या कवचातला एस कप्पा. झेनॉनपर्यंत ५४ इलेक्ट्रॉन बसले. पुढचे दोन ६एसमध्ये, झाले ५६. आता सहावं कवच उघडल्यावर चौथ्यातली रिकामी ४एफ भरायला घ्यायची! विचित्र वाटतं, पण ऊर्जेच्या हिशेबात तेच परवडतं. एफमध्ये मावतात १४, म्हणजे ७०ला जागा संपली. (लॅन्थॅनम, गॅडोलिनिअममध्ये एखादा इलेक्ट्रॉन आधीच डीमध्ये शिरतो, पण ते असू द्या.) ७१वा ५डीमध्ये गेला, ७२वाही तिथेच.

आता पत्ता वाचा. सर्वांत बाहेरचं कवच सहावं, म्हणून आवर्त (आडवी ओळ) ६. शेवटचा इलेक्ट्रॉन डीमध्ये, म्हणून डी-खंड. तिथे बाहेरच्या एसचे आणि डीचे इलेक्ट्रॉन मिळवायचे: २ अधिक २, गण ४. (पी-खंडात एस आणि पीच्या बेरजेत आणखी १० मिळवा. हेलिअम मात्र नियम मोडून अठराव्या गणात बसतो.) या घराच्या थेट वरच्या मजल्यावर कोण? ४० क्रमांकाचं झिर्कोनिअम. त्याचेही ५एसमध्ये दोन, ४डीमध्ये दोन.

मग दुर्मिळ मृदा कशाला उकरायच्या? डर्क कोस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी कोपनहेगनमध्येच झिरकॉन खनिजाचा क्ष-किरण वर्णपट घेतला आणि ७२च्या रेषा मिळाल्या. ११ डिसेंबर १९२२ला बोर यांनी नोबेल व्याख्यानातच ते सांगून टाकलं. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून मूलद्रव्य झालं हाफ्निअम. बोर यांची उपकवचांची वाटणी आजच्यासारखी नव्हती, पण चौथं कवच ३२वर भरतं हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

शुक्राच्या शांतीसाठी हिरा परवडत नसेल तर जरकन घाला, असं ज्योतिषी सांगतात. तो खडा हाच झिरकॉन. त्यात शुक्राचं काही नाही, हाफ्निअम मात्र हमखास असतं.

तारापूरच्या अणुभट्ट्यांना ही सोबत चालत नाही. तिथल्या इंधननळ्या झिर्कोनिअमच्या मिश्रधातूच्या. झिर्कोनिअम न्यूट्रॉनना वाट देतं, हाफ्निअम त्यांना गिळतं. म्हणून हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये दोघांची ताटातूट करावी लागते, आणि ती सोपी नाही. एफमधले ते १४ इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत, त्यामुळे हाफ्निअमचा अणू आक्रसतो. एक अख्खं कवच जास्त असूनही त्याची त्रिज्या १५९ पिकोमीटर, झिर्कोनिअमची १६०.