चिठ्ठीवर नुसतं ‘छान’ लिहू नका
(आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी)

पुस्तक परत करताना मागच्या पाकिटातली चिठ्ठी भरून द्यायची, हे जुन्या सभासदांना सांगायची गरज नाही. चिठ्ठी भरतातही सगळे. पण काउंटरवर रोज तेच. “ताई, चिठ्ठी?” “अहो, लिहिलंय ना!” उघडून बघावं तर ‘छान’. फार तर ‘खूप छान’. अमळनेरात तिसरा प्रकारही चालतो, ‘भारी शे’. कानाला गोड लागतं, पण तेवढ्यावर पुढच्या माणसाला पुस्तक काढून देता येत नाही.

एका ‘छान’ने काय होतं ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात ‘कोसला’च्या चिठ्ठीवर कोणीतरी लिहिलं होतं, ‘छान. आपल्याकडचं आहे.’ दोन्ही खरं. लेखक भालचंद्र नेमाडे आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या, यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आणि कादंबरीतला पांडुरंग सांगवीकरही खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला. ते ‘आपल्याकडचं’ वाचून एका आईने दहावीतल्या मुलासाठी पुस्तक नेलं. तिसऱ्या दिवशी परत! “भाऊ, यातला पोरगा अभ्यास सोडून बापाचे पैसे उडवतो, नापास होतो. हे तुम्ही माझ्या पोराच्या हातात देता?” मागे चार जण उभे, त्यातल्या दोघांना चोपड्याची गाडी पकडायची. अर्धा तास त्या आईची समजूत काढण्यात गेला. चूक त्यांची नव्हती आणि कादंबरीची तर नव्हतीच. ‘घर सोडून होस्टेलवर राहिलेल्याने वाचावं, शाळकरी मुलाला नको’ एवढी एक ओळ चिठ्ठीवर असती, तर हा प्रसंग आलाच नसता.

मी स्वतः ‘कोसला’ यंदा तिसऱ्यांदा वाचली. १९६३ सालची कादंबरी, पण मेसची आणि खोलीतल्या पोरांची पानं अजून हसवतात. मध्ये थोडी रेंगाळते, हे मान्य. धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं आली तेव्हा मात्र मी शटर अर्धं ओढून घेतलं, गिऱ्हाईक नको होतं. (शेवट-बिवट फोडला म्हणून रागावू नका. साठ वर्षांत हे सगळ्यांना कळलेलं आहे. नव्या पुस्तकाचं असं काही चिठ्ठीवर लिहू नका, एवढीच विनंती.)

मग लिहायचं काय? कुठल्या पानापाशी अडलात किंवा सोडून द्यावंसं वाटलं, ते लिहा. एक निवृत्त गुरुजी आहेत, ते नेमाने लिहितात, ‘पान ८० पर्यंत ओढत नेलं, पुढे त्याने मला ओढलं.’ अशी चिठ्ठी असली की मी पुढच्याला बिनधास्त सांगतो, “आप्पा, ऐंशी पानं कळ काढा.” आणि हे पुस्तक कोणाला द्यावंसं वाटलं, तेही लिहा. आवडलं नसेल तरी लिहा. ‘कंटाळा आला’ हे लिहायला लोक का लाजतात कळत नाही, लेखक काही चिठ्ठ्या वाचायला येत नाही.

आमच्याकडची सगळ्यात कामाची चिठ्ठी एका शेतकरी सभासदाची आहे. ‘एक होता कार्व्हर’, वीणा गवाणकरांचं, १९८१ पासून घरोघर असलेलं पुस्तक. शाळेत बक्षीस मिळतं म्हणून बहुतेकांना ते मुलांचं वाटतं. या दादांनी लिहिलं, ‘चरित्र आहे, पण मी शेतीचं समजून वाचलं. कपाशीवाल्याने वाचावं.’ त्यानंतर ते पुस्तक कपाटात राहिलेलं मला आठवत नाही. मुद्दा त्यांनी बरोबर पकडला होता. कार्व्हर हा अमेरिकेतला शेतीशास्त्रज्ञ. तो १८९६ मध्ये तिथल्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला शिकवायला आला, तेव्हा तिथली जमीन वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेऊन निकस झालेली. तो सांगत फिरला की मध्ये भुईमूग लावा, जमिनीला नत्र मिळेल. हे आपल्या तापीकाठच्या कपाशीवाल्याला वेगळं समजावून सांगायला नको. एका काकांनी मात्र त्याच चिठ्ठीखाली पेन्सिलीने भर घातली, ‘शेंगा पिकवू हो, घेणार कोण?’ गंमत म्हणजे तिकडेही नेमकं हेच झालं होतं. शेंगा उदंड झाल्या, गिऱ्हाईक नाही, म्हणून तर कार्व्हर प्रयोगशाळेत शेंगदाण्याचे नवनवे उपयोग शोधत बसला. काकांनी अजून पुस्तक नेलेलं नाही, नुसत्या चिठ्ठीवर वाद घालतात.

माहितीपर पुस्तकाच्या चिठ्ठीवर आवृत्ती जरूर लिहा. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्या. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी तो छापला तो स्वतः हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणला. एकाने एक वाचलेलं, दुसऱ्याने दुसरं, आणि आमच्या बाकावर बसून दोघं भांडतात की असं त्यात नाहीच! पुस्तक मात्र जबरदस्त. दक्षिणा मिळवायला वरसईहून उत्तरेत निघालेला भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडतो, झाशीला वेढा पडतो तेव्हा हा आत. काय खाल्लं आणि दक्षिणा किती मिळाली, हेही तो कत्तलीइतकंच नीट सांगतो. मला ते आवडलं. माझ्या मुलाला मात्र आवडलं नाही, त्याला लढाया हव्या होत्या.

काही सभासद म्हणतात, पुस्तक न्यायला आलो की निबंध लिहायला? त्यांच्यासाठी खुलासा. चिठ्ठी दोन ओळींची आहे आणि ती भरली नाही म्हणून आजवर कोणाचं पुस्तक अडवलेलं नाही. पण दरमहा १५० रुपयांत दोन-दोन पुस्तकं न्यायची, तर ती तुमच्या आवडीचीच निघावीत, ही आमची धडपड असते. मोबाईलवरच्या पाच चांदण्या कोणी दिल्या ते कळत नाही. इथली चिठ्ठी पारोळ्याच्या मावशींची आहे की एमपीएससीवाल्या मुलाची, हे मला अक्षरावरून कळतं, आणि त्यांची आवड मला ठाऊक असते.

मत चिठ्ठीवरच लिहा, पुस्तकात नको. भरीत खाता खाता वाचू नका, तेलाचं बोट पुढच्या दहा पानांत उतरतं. आणि उन्हाळ्यात पुस्तक गाडीच्या डिक्कीत विसरू नका. आपल्याकडच्या उन्हात बांधणीचा गोंद मऊ होतो आणि पानं सुटी होऊन हातात येतात. त्याचे पैसे अनामतीतून कापले की वाईटपणा आम्हाला येतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत इथे अमळनेरात मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा आपण सगळ्यांनीच पिशव्या भरून पुस्तकं नेली. त्यातली वाचून झालेली किंवा आता वाचणं होणार नाही अशी असतील, तर आणून दाखवा. प्रत चांगली असेल तर वर्गणीत वळती करून देतो. सोबत दोन ओळींची चिठ्ठी असेल, तर एक महिना आणखी.

‘कार्व्हर’च्या दोन्ही प्रती सध्या बाहेर आहेत. हवी असल्यास वहीत नाव लावून ठेवा. विकत हवी असेल तर मागवून देतो.